धरणातून सुटणारं पाणी आणि कनू स्लॅलम : हा खेळ आपल्या मुलांना परवडेल का?

पैलतीर

पॅरिस ऑलिम्पिक झाल्यापासून पुण्या-मुंबईचे मित्र एकच विचारतात. ते उसळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून होडी काढतात, तो खेळ आपल्या पोरांना शिकवायचा तर किती पैसे लागतात? फोनवर "खूप" म्हटलं काय किंवा "फार नाही" म्हटलं काय, दोन्ही अर्धंच खरं. म्हणून सविस्तर लिहितोय. मुलगी इंग्लंडमध्ये मिडलँड्सच्या एका क्लबात स्लॅलम खेळते आणि मी बहुतेक शर्यतींना काठावर पंच म्हणून उभा असतो.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खळाळत्या पाण्यावर तारा ताणून १८ ते २५ गेट टांगलेले असतात. हिरव्या-पांढऱ्या खांबांचं गेट प्रवाहाबरोबर उतरायचं, लाल-पांढऱ्याचं प्रवाहाच्या उलट चढून पार करायचं. होडी, वल्हं किंवा अंग खांबाला लागलं की २ सेकंद दंड, गेट सुटलं की ५० सेकंद. कयाकमध्ये पाय लांब करून बसायचं आणि दोन पात्यांचं वल्हं मारायचं. कनूमध्ये गुडघ्यांवर बसून एका पात्याचं.

आता पैसे. शर्यतीची नवी कार्बनची होडी युरोपात साधारण दीड ते अडीच हजार युरोला पडते, चांगलं वल्हं वेगळं. हे ऐकलं की लोक तिथेच फोन ठेवतात. पण इथे कोणतंही मूल त्या होडीपासून सुरुवात करत नाही. ब्रिटनमध्ये डिव्हिजन ४ पासून प्रीमियरपर्यंत पायऱ्या आहेत. डिव्हिजन ४ च्या शर्यती सोप्या पाण्यावर होतात आणि तिथे क्लबची जाडजूड प्लॅस्टिकची होडी चालते. हेल्मेट, लाइफ जॅकेट, वल्हं सगळं क्लबचं. वर्गणी भरायची आणि पालकांनी शर्यतीत गेटवर पंच म्हणून उभं राहायचं, एवढाच व्यवहार. मूल वर चढलं की जुनी कार्बन होडी शोधायची. वरचे खेळाडू होड्या बदलत राहतात, त्यामुळे जुन्यांचा बाजार कायम भरलेला असतो. आमची होडी तिसऱ्या मालकाची आहे. कडेला ठिकठिकाणी रेझिनची डागडुजी आहे आणि ती उत्तम चालते.

खरा खर्च होडीचा नसतो, पाण्याचा असतो. लंडनजवळच्या ली व्हॅलीचा ऑलिम्पिक मार्ग ३०० मीटर लांब, उतार साडेपाच मीटर, आणि खाली आलेलं सगळं पाणी पंपांनी परत वर चढवायचं. विजेचं बिल शेवटी खेळाडूच्या तासाच्या शुल्कात येतं. याउलट जर्मनीत आउग्सबुर्गचा आइसकनाल १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधला, तिथे लेख नदीचं पाणी आपल्या वजनाने वाहत येतं. प्रागचं ट्रोया, ब्रातिस्लावाजवळचं चुनोवो, ल्युब्लियानाचं तात्सेन, सगळीकडे नदीच काम करते. स्लोव्हाकियाचा कनूपटू मिखाल मार्तिकान हा लिप्तोव्स्की मिकुलाश गावचा. तिथे वाह नदीवर असाच मार्ग आहे. १९९६ मध्ये १७ व्या वर्षी त्याने स्वतंत्र स्लोव्हाकियाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. एवढ्या छोट्या देशांतून इतके विजेते येतात, त्याचं मोठं कारण हे गावालगतचं फुकट पाणी आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि आता ज्यासाठी धागा काढला ते. वेल्समध्ये बाला गावाजवळ ट्रिवेरिन नदी आहे. तिच्यावर लिन केलिन धरण आहे. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून कापेल केलिन हे अख्खं गाव १९६५ मध्ये बुडवलं गेलं. वेल्सचे लोक ते अजून विसरलेले नाहीत. त्या धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर १९८१ ची जागतिक स्पर्धा झाली आणि आज मुलं सराव करतात. तिथे काठावर उभा असलो की मला मुळशी दिसते. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, बुडालेली गावं. ते पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि पुढे कुंडलिकेत. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. मग त्याच नदीवर तारा ताणून गेट का टांगू नयेत? सरकारने शेकडो कोटींचा मार्ग बांधावा असं म्हणतच नाहीये. पाणी आहे, उतार आहे. उरलं काय?

बोटक्लब

पैलतीरदादा, होडीबद्दल शंभर टक्के सहमत. कॉलेजात असताना मुळा नदीवर रोइंग केलं. आमच्यापैकी एकाच्याही घरच्यांना शर्यतीची होडी घेता आली नसती. पण ती कोणी घ्यायचीच नसते, बोट क्लबची असते. पहाटे खांद्यावर उचलून पाण्यात न्यायची, परत आणून पुसून ठेवायची.

दत्तू भोकनळचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे तरी इथे लिहितो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा मुलगा, २०१२ मध्ये सैन्यात गेला, रोइंग तिथे शिकला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत, उतरला. दुष्काळी भागातला मुलगा पाण्यावरच्या खेळात तिथवर गेला, कारण होडी, प्रशिक्षक आणि जेवण तिन्ही एका संस्थेने दिलं. त्यामुळे "परवडेल का" हा प्रश्न आईबापांना विचारूच नये. तो संस्थांना विचारायचा.

एक भर घालतो. कोकणात मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या बनवणारे कसबी कारागीर आहेत. साचा एकदा मिळाला की स्लॅलमची साधी ग्लास-फायबरची होडी त्यांच्या आवाक्यातली आहे. ब्रिटनमधल्या क्लबांनीही सत्तरच्या दशकात साचे एकमेकांना उसने देऊन अशाच होड्या घरी बनवल्या होत्या. थोडी जड होईल, पण शिकणाऱ्याला तीच बरी. दगडावर आपटली तर तासाभरात दुरुस्त होते.

निळे_डोंगर

पेनरिथ आमच्यापासून जवळ आहे, म्हणून पंपाच्या पाण्याबद्दल सांगते. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकसाठी बांधलेला मार्ग आहे. पाणी सुरू असतं तो तास महागच. म्हणून क्लबची मुलं बराचसा सराव शांत पाण्यावर करतात. तळ्यावर दोर बांधून गेट टांगायचे आणि वळणं घोटायची. वल्ह्याचा कोन, कंबरेची हालचाल, खांबाखालून डोकं काढणं हे सगळं संथ पाण्यात शिकता येतं. खळाळ नंतर. हे भारतासाठी फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण तळी तर गावोगावी आहेत.

आमच्या ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सबद्दल नेहमी म्हणतात की आई-वडील दोघंही खेळाडू, मग काय. वडील रिचर्ड फॉक्स पाच वेळा कयाकचे वैयक्तिक विश्वविजेते, पहिलं विजेतेपद दादांनी लिहिलेल्या १९८१ च्या बालाच्याच स्पर्धेत. आई मिरियम यांना १९९६ ला फ्रान्सकडून ऑलिम्पिक कांस्य. घराणं मोठं आहे खरं. पण जेसिकाला कनूमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण मिळायला २०२१ उजाडलं, कारण तोवर ऑलिम्पिकमध्ये मुलींसाठी कनूचा प्रकारच नव्हता. पुरुषांना तीन स्पर्धा, बायकांना एक. टोकियोत पुरुषांची दोघांची कनू काढून मुलींची कनू आणली. ज्या क्लबात कनूवर एकही मुलगी बसत नसे तिथे आज मुली रांगेत उभ्या असतात. सहभाग वाढायचा तर नुसतं शुल्क कमी करून चालत नाही, दारही उघडावं लागतं.

आणि पॅरिसमध्ये कयाक क्रॉस आला. चौघं एकदम उंचावरून पाण्यात उडी घेतात, धक्काबुक्की चालते, मध्ये एकदा होडीसकट पूर्ण गिरकी घ्यावी लागते. धाकटी नोएमी फॉक्स त्यात जिंकली. त्या होड्या कार्बनच्या नसतात, जाड प्लॅस्टिकच्या असतात. माझ्या मते भारतातल्या क्लबांनी तिथूनच सुरुवात करावी. एकच होडी शिकायला, शर्यतीला आणि नदी उतरायला चालते.

इंदूरकर

महाराष्ट्रातल्या मंडळींना भारतातलं स्लॅलमचं गाव ठाऊक नाही याचं वाईट वाटतं. ते आमचं महेश्वर. अहिल्याबाईंचा घाट बघायला तुम्ही सगळे येता, माहेश्वरी साड्या घेता आणि परत जाता. घाटापासून नर्मदेच्या खालच्या अंगाला जलकोटीजवळ सहस्रधारा आहे. काळ्या पाषाणातून नदी असंख्य धारांत फुटते. त्या धारांवर तारा ताणल्या की मार्ग तयार. ना पंप, ना काँक्रीट.

मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, स्लॅलम पहिल्यांदा आला आणि तो इथेच झाला. हांगझोऊच्या एशियाडला भारताकडून शुभम केवट, हितेश केवट उतरले. आडनावावरूनच कळेल, पिढ्यान्‌पिढ्या नाव वल्हवणारी ही माणसं. यांच्या मुलांना पाण्याची भीती घालवायला प्रशिक्षक लागत नाही. घाटावर प्रवाशांना फिरवणाऱ्या नावेतच ती वाढतात. शासनाने होड्या दिल्या, भोपाळची वॉटर स्पोर्ट्स अकादमी आहे, त्यामुळे वाट तयार झाली.

मला वाटतं महाराष्ट्राने आधी इथे येऊन बघावं. मुंबई-पुण्याच्या पालकांनी पैसे भरून चालवलेल्या शिबिरांतून हा खेळ वाढणार नाही. तो नदीकाठच्या वस्तीतून वाढेल.

मातीतला

सगळं वाचलं. उत्साह चांगला आहे, पण मला पटत नाही. तालुक्याच्या शाळांत कबड्डीला मॅट नाही, धावायला धड मैदान नाही. ज्या खेळात देशभरात मोजके खेळाडू आहेत त्यावर पैसा का घालायचा? मुलगा दहा वर्षं नदीत घालवेल आणि पुढे? खेळाडू म्हणून नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाचा लाभ मिळायलाही मान्यताप्राप्त स्पर्धा लागतात. त्या राज्यात झाल्याच नाहीत तर प्रमाणपत्र कुठून येणार? गरीब घरचं मूल छंदासाठी खेळत नाही.

पैलतीर

मातीतला, प्रमाणपत्राचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मी मूळ लेखातच घ्यायला हवा होता. स्पर्धांची उतरंड नसेल तर गरीब मूल या खेळात टिकणार नाही, श्रीमंत टिकेल. इथल्या डिव्हिजन पद्धतीचा खरा फायदा हाच. दर काही आठवड्यांनी जवळपास कुठेतरी छोटी शर्यत असते, गुण मिळतात, गुणांवर पुढची पायरी. शर्यत भरवायला स्टेडियम लागत नाही. दोन घड्याळं, शिट्ट्या, कागद आणि काठावर उभी राहणारी दहा-पंधरा माणसं.

पण कबड्डीच्या मॅटशी तुलना करू नका. कुंडलिकेचं पाणी मॅटच्या निधीतून येत नाही. ते येतंच आहे.

धरणाखाली

पाटबंधाऱ्यात नोकरी केली, आता निवृत्त. पाण्याबद्दल इतकं मोकळेपणाने बोलता आहात म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे.

पहिली. हा धागा वाचून कोणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर होडी घालू नका. बर्ग्यांवरून, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांवरून, पाणी पडताना वरून ते अगदी सौम्य दिसतं. पायथ्याशी मात्र पाणी उलटं फिरतं आणि पडलेली वस्तू परत परत बंधाऱ्याकडे ओढतं. पट्टीचे पोहणारेही त्यातून निघत नाहीत. नैसर्गिक खडकांत पाण्याला बाजूने वाट असते, बंधाऱ्यात या काठापासून त्या काठापर्यंत ती सरळ भिंत असते. हा फरक जीवघेणा आहे. तसंच अस्तर केलेला कालवा. तिरप्या गुळगुळीत काठाला धरायला काही नसतं. आपल्याकडे दरवर्षी कालव्यांत मुलं जातात, ती मी नोकरीत असताना बाहेर काढलेली पाहिली आहेत.

दुसरी. वीजघराखालचं पाणी नेमकं केव्हा आणि किती येणार, हे विजेची मागणी ठरवते. भोंगा झाला की काठावरून उठायचं, ही शिस्त शर्यतीच्या दिवशीही पाळावी लागेल. स्पर्धा घ्यायची तर वीजघराची कंपनी, जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडून वेळापत्रक लेखी हवं.

तिसरी मात्र तुमच्या बाजूची आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचं स्लॅलम टेनेसीतल्या ओकोई नदीवर झालं. तिथलं पाणी एरवी पात्र सोडून वीजघराकडे वळवलेलं असतं, म्हणजे पात्रात पाणी सोडलं की तेवढी वीज बुडते. त्याच नदीवर खालच्या टप्प्यात राफ्टिंगवाल्यांकडून शुल्क घेऊन त्या विजेची भरपाई करण्याची पद्धत अनेक वर्षं होती. कुंडलिकेत तसं नाही. वीज आधी होते आणि मग पाणी नदीत येतं. एक युनिटही बुडत नाही. म्हणूनच पैलतीर यांची कल्पना हिशेबाला पक्की आहे.

कोणी वाशिष्ठीचं नाव काढेल म्हणून आधीच सांगतो. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, चिपळूणला वाशिष्ठीत येतं हे खरं, पण त्या नदीत मगरी आहेत.

कोलाडकर

कुंडलिकेवर राफ्ट गाइड आहे. धरणाखाली काका बोलले ते अक्षर न्‌ अक्षर खरं. आता नदीवरून काय दिसतं ते सांगतो.

सकाळी पाणी येतं. राफ्ट एकामागून एक सुटतात. पर्यटक उतरले, जेवायला गेले की नदी मोकळी. पाणी ओसरायच्या आधीचा जो वेळ उरतो त्यात आमची पोरं कयाक घेऊन सुटतात. सगळी इथल्याच गावांची. सेफ्टी कयाकर म्हणून राफ्टच्या पुढे जाऊन पडलेल्या माणसाला उचलतात. उलटी झालेली होडी पाण्यातल्या पाण्यात सरळ करणं त्यांना झोपेतही येईल. एका लाटेवर उभं राहून नदी आडवी ओलांडणं, खडकामागच्या संथ पाण्यात नेमकं घुसणं, स्लॅलम म्हणजे हेच ना? फक्त खांब नाहीत आणि घड्याळ नाही.

पैसे कुठे अडतात ते ऐका. होडी कंपनीची मिळते. वल्हं मिळतं. अडतं ते बाहेर जाताना. केरळात कोझिकोडकडे मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, पावसाळ्यात. जायचं तर रेल्वे कयाक घेत नाही, टेम्पो करावा लागतो, आठवड्याची मजुरी बुडते. पोरगा घरातला कमावता असतो. जिंकला तर ठीक, हरला तर घरी काय सांगणार? म्हणून माझ्यापेक्षा चांगली दोन-तीन पोरं कधी गेलीच नाहीत.

तेव्हा निळे डोंगर ताई म्हणतात ते तळ्यातले गेट पण करा, इंदूरकर मामा म्हणतात तसं महेश्वरही बघू, पण पहिली शर्यत इथे भरवा. पोरं नदीवर आहेतच. प्रवासाचा खर्च शून्य. बाहेरच्यांनी इकडे यावं.

एक अट. गावातल्या पोरांकडून प्रवेश फी घ्यायची नाही आणि पंच, सेफ्टी यांत त्यांना मजुरी मिळाली पाहिजे. सकाळच्या राफ्टचं काम सोडून येणार असतील तर तो दिवस भरून निघायला हवा.

दोन_मुलांची_आई

साताऱ्याहून लिहिते. मुलगा सातवीत, मुलगी पाचवीत. दोघंही विहिरीत शिकून पोहतात. मुलगी तर भावापेक्षा धीट. जवळ क्लब नाही. कोलाडला दर आठवड्याला नेणं शक्य नाही. वाचून फार वाटतंय, पण आज, या घडीला मी काय करू ते सांगाल का कोणी?

निळे_डोंगर

ताई, कयाक मिळेपर्यंतही पुष्कळ आहे. बुडी मारून श्वास धरणं, डोळे उघडे ठेवून पाण्याखाली उलटं होणं, शांत राहणं. होडी उलटते तेव्हा मूल घाबरलं नाही तर अर्धं काम झालेलं असतं. हे तलावात जीवरक्षकाच्या नजरेखाली करून घ्या, विहिरीत नको. कंबर आणि पोट मजबूत करणारे व्यायाम, मल्लखांब असेल तर सोन्याहून पिवळं. आणि मुलीला कनूवर बसवा हे आत्ताच सांगून ठेवते. त्या प्रकारात मुली जगभर अजून कमी आहेत.

बोटक्लब

सातारा-कोल्हापूरकडे कोणी रोइंग किंवा कयाकिंग केलेले जुने खेळाडू असतील तर इथे लिहा. दोन प्लॅस्टिकचे सिट-इन कयाक मिळाले तर एखाद्या सुरक्षित तलावावर महिन्यातून दोन रविवार मी पुण्याहून येऊन शिकवायला तयार आहे. पैसे नकोत. परवानगी आणि जीवरक्षक एवढंच बघा.

पैलतीर

गेटचं साहित्य लिहून ठेवतो, कोणालाही करता येईल. खांबाची लांबी १.६ ते २ मीटर, जाडी साडेतीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप चालतो. त्यावर पांढरे-हिरवे आणि पांढरे-लाल पट्टे. दोन खांबांत १.२ ते ४ मीटर अंतर. खालचं टोक पाण्यापासून साधारण वीतभर वर, पाण्याला टेकता कामा नये. वरचा दोर असा बांधा की काठावरूनच गेट उचलता-सोडता येईल, कारण कुंडलिकेसारख्या नदीत पाण्याची पातळी बदलत राहणार. खांबाच्या आत थोडी वाळू भरा, नाहीतर वाऱ्याने डोलतो आणि पंचांना कळत नाही कोणी हलवला.

कोलाडकर, तुमची अट मान्य. पावसाळा संपल्यावरचा एखादा कामाचा वार बघा, वीकेंडला राफ्टची गर्दी असते. दहा-बारा गेटचं साहित्य मी पाठवतो. इंदूरकर, महेश्वरहून दोघं-तिघं खेळाडू किंवा प्रशिक्षक येतील का, तुम्ही विचाराल का?

इंदूरकर

विचारतो. यायचं तर दिवाळीनंतर सोपं पडेल.

कोलाडकर

दिवाळीनंतर चालेल. पर्यटकांचा हंगाम तेव्हा चढलेला असतो, म्हणून मंगळवार किंवा बुधवार धरू. तार ताणायला दोन्ही काठांवर पक्का खडक किंवा झाड लागेल, तशा दोन जागा माहिती आहेत. त्यातली एक जवळच्या शाळेच्या वाटेवर आहे, तिथे धरलं तर मुलांना बघायला येता येईल. धरणाखाली काका, परवानगीच्या अर्जाचा मसुदा तुम्ही कराल का? कोणाच्या नावे द्यायचा ते आम्हाला समजत नाही.

धरणाखाली

करतो. जागेचा नकाशा आणि रोज पाणी साधारण किती वाजता येतं त्याची नोंद मला निरोपातून पाठवा. महिनाभराची नोंद असेल तर अर्जाला वजन येईल.